मातीच्या दिवशीचा आनंद

राजाबाईचा आवाज फोनमधून येत होता आणि मी परातीत भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून फोन कोपरानेच दाबून चालू केला होता. 'प्रार्थना साखळी' या आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, असलं येत असतं. नाव आलं की दोनशेबारा माणसं जोडलेले हात टाकतात आणि चाळीस दिवस त्या नावासाठी प्रार्थना करतात. राजाबाईला लिहायला जड जातं, म्हणून ती बोलूनच पाठवते. मला वाटलं, गुडघा धरला असेल तिचा.

"भावाबहिणींनो, आपल्या इंद्रायणी सिस्टरसाठी लई कळकळीनं प्रार्थना करा," ती चक्क रडत होती. "त्यांच्या मनावर मोठं ओझं हाय. शांतवनदादांच्या मातीला सिस्टर गायल्या, तो आनंद प्रभूचा नव्हता. नवरा गेला, आपण सुटलो, म्हणून त्यास्नी आनंद झाला हुता. दादा मारत हुते. हे त्यांनी मला सोताच्या तोंडानं सांगितलंय. प्रभूनं त्यास्नी क्षमा करावी आन् खरा आनंद द्यावा..."

भाकरी तव्यावर करपली. चार मिनिटांचा तो निरोप मी शेवटपर्यंत ऐकला, कारण वाटत होतं, शेवटी तरी ती म्हणेल, की हे कुणाला सांगू नका. ती "आमेन" म्हणाली. खाली जोडलेल्या हातांची रांग सुरू झाली.

इंद्रायणी सिस्टर म्हणजे मी. एकतीस वर्षं सोलापुरात नर्स होते, आता निवृत्त. भवानी पेठेत दोन खोल्या आहेत. नवरा शांतवन मंडळीचा पंच होता. आवाज गोड आणि हात जड. रविवारी चर्चच्या दारात उभा राहून म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेणार, आणि घरी आल्यावर वरण निवलं म्हणून कमरेचा पट्टा काढणार. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. दवाखान्यात मी सांगितलं होतं, दारात चेमटली. नर्सनेच सांगितल्यावर डॉक्टर कशाला जास्त विचारतोय? सव्वीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला मी, आणि तोही शुश्रूषेच्या पांढऱ्या कपड्यांत.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी कबरस्तानात पेटी खाली सोडताना मंडळीने गीत सुरू केलं. शांतवनला माझं गाणं आवडायचं नाही, बायकांनी ओठातल्या ओठात म्हणावं असं त्याचं मत. त्या दिवशी माझा गळा आपोआप मोकळा झाला. मी सगळी कडवी म्हटली, मोठ्याने. डोळ्यांत टिपूस नव्हतं. माझ्या तोंडावर उजेड पडला होता असं नंतर लोक सांगत. कुणीतरी त्याचा व्हिडिओही काढला होता.

झालं, तेव्हापासून मी 'आनंदाची साक्ष' झाले. चर्चचे पाळकसाहेब दर दोन-तीन महिन्यांनी उपदेशात माझं उदाहरण देत, की ख्रिस्ती माणसाचा आनंद कबरीच्या काठावरही आटत नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसा शांतवनही संत होऊन बसला. मी गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोडही वाटत होतं. जन्मभर ज्या बाईकडे कुणी बघितलं नाही, तिच्याकडे आता बायका लेकरं घेऊन यायच्या, सिस्टर डोक्यावर हात ठेवा म्हणायच्या.

यंदा मंडळीने 'आनंद महोत्सव' ठरवला. बॅनरवर माझा फोटो, रविवारी माझी साक्ष, म्हणजे देवाने काय दिलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. बुधवारी सकाळी तो बॅनर चर्चच्या फाटकावर लागलेला बघितला. त्याच संध्याकाळी राजाबाई शेंगाचटणी घेऊन आली होती, तिच्यापाशी मी सगळं ओकले.

राजाबाई माहेरची सांगोल्याकडची. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. पंचवीस वर्षांपूर्वी मुलाच्या वेळी माझ्या वॉर्डात बाळंतपणाला होती, तेव्हापासूनची ओळख. रविवारी ती लवकर येते आणि दुसऱ्या बाकावर स्वतःची पिशवी ठेवून माझी जागा धरते. मी तिला गीताचं पान काढून देते, कारण बारीक आकडे तिला लागत नाहीत. पंचवीस वर्षं हे असंच चाललंय.

त्या बुधवारी तिने माझी करंगळी हातात घेतली आणि कितीतरी वेळ चोळत बसली. मग एवढंच विचारलं, "म्हंजी त्या दिवशी तुमाला रडू आवरावं लागलंच न्हाय?"

"आवरायला आलंच नव्हतं गं."

ती चहा अर्धा ठेवून उठली. मला वाटलं, माझ्यासाठी जीव तुटला तिचा.

गुरुवारी निरोप गेला. दुपारी पुण्याहून पूनमचा, माझ्या मुलीचा फोन आला. "आई, माझ्या सासूबाई पण आहेत गं त्या ग्रुपवर. राजामावशीला नीट कळलं नाही म्हणून सांग ना." त्याच घरात वाढलेली पोर. माझ्या करंगळीला बर्फ लावायला तीच बसली होती, आठ वर्षांची असताना. मी विचारलं, "तुला तरी नीट कळलंय ना?" ती म्हणाली, "आता बाबांचं कशाला उकरायचं?" आणि कुकर झालाय सांगून फोन ठेवला.

शुक्रवारी पाळकसाहेब आले. चहा नको म्हणाले. "सिस्टर, मला तुमच्या खाजगीत जायचं नाही. पण मंडळीचा प्रश्न आहे. रविवारी दोन शब्द बोला, की राजाबाईंचा गैरसमज झाला. तुम्ही नाही म्हणालात की विषय संपला, मग नेहमीची साक्ष द्या."

"आणि तुमचा स्वतःचा विश्वास कशावर बसला, साहेब?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शांतवनभाऊ माझे मित्र होते."

शनिवारी कारखाना सुटायची वेळ झाल्यावर मी राजाबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. ती नुकतीच आली होती, केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेले होते.

"केसाने गळा कापलास माझा," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं.

"आत या की."

"आत यायला आले नाही. काय कमी केलं होतं मी तुला?"

"काय बी न्हाय. मी प्रार्थनेसाठीच टाकलं की."

"प्रार्थनेसाठी देवाला सांगतात, राजाबाई. दोनशेबारा माणसांना नाही सांगत."

भिंतीवर धनाजीचा फोटो होता, तिकडे तिची नजर गेली. धनाजी म्हणजे तिचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा. तेरा महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून कामाला जाताना टेम्पोने उडवला.

"सिस्टर, धनाजीच्या मातीला मी पेटीला मिठी मारली हुती. चौघी बायका मला सोडवत हुत्या. तवा पाळकसायब काय म्हणले, आठवतंय?"

मला आठवत होतं.

"म्हणले, राजाबाई, इंद्रायणी सिस्टरांकडं बघा. त्याबी नवरा पुरून गायल्या. तुमचा इश्वास कुटं गेला? समद्यांच्या म्होरं म्हणले. तुमी माझा दंड धरून तितंच उभ्या हुता."

"हो."

"तुमी काय बी बोलला न्हाय."

बोलले नव्हते. त्या वेळी उलट मी तिच्या कानात म्हटलं होतं, 'गा राजाबाई, गाऊन बघ, बरं वाटेल.' हे तिलाही आठवत असणार. ती म्हणाली नाही.

"तेरा महिनं मी चोरून रडती. मोरीत जाती, नळ सोडती आन् मग रडती. मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. सिस्टरांना जमलं, मला का जमंना. आन् परवा तुमी सांगताय की रडूच आलं न्हवतं."

"म्हणून सूड घेतलास."

"मला न्हाय ठावं," राजाबाई म्हणाली. "फोनवर बोलताना रडू खरंच आलं. ते तुमच्यासाठी आलं का माझ्यासाठी, मला न्हाय कळलं."

माझा राग तिथेच विरघळला असं लिहायला बरं दिसलं असतं. नाही विरघळला. पण त्याला उभं राहायला जागा उरली नाही. मी तशीच वळले आणि घरापर्यंत चालत आले, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

रविवारी चर्च भरलेलं होतं. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, दोन शब्द, अशी. मी पुढे गेले. समोर बॅनरवर मीच हसत होते.

"राजाबाईंनी सांगितलं ते खरं आहे," मी म्हटलं. "फक्त सांगण्याचा हक्क माझा होता, तो त्यांनी घेतला. आता मी सांगते. शांतवन मला मारायचे. ही करंगळी त्यांनी मोडली. ते गेले त्या दिवशी मला आनंद झाला, म्हणून मी गायले. त्या रात्री सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी दाराकडे पाठ करून झोपले. हा आनंद देवाने दिलेला नव्हता असं मला कुणी सांगू नये. त्यासाठी मी क्षमा मागणार नाही."

मग मी दुसऱ्या बाकाकडे बघितलं.

"क्षमा मागायची आहे ती वेगळ्या गोष्टीची. माझं गाणं दाखवून एका आईला रडू नको म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा मी गप्प होते. तिचं रडणं खरं होतं. माझी साक्ष एवढीच."

आमच्यात साक्ष संपली की मंडळी आमेन म्हणते. साक्ष कशीही असो, शेवट चुकला, माणूस अडखळला, तरी म्हणते. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईने गीताचा क्रमांक सांगितला आणि पेटीवाल्याने सूर धरला.

मी खाली उतरले. दुसऱ्या बाकावर राजाबाईशेजारी तिची पिशवी होती, माझी जागा धरून ठेवलेली. मला येताना बघून तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी त्या जागेवर बसले नाही. तिच्या मागच्या बाकावर बसले. तिथल्या बायका न बोलता सरकल्या, जरा जास्तच सरकल्या.

राजाबाईने पुस्तक उघडलं होतं, पण पान भलतंच होतं. ती पानं उलटत राहिली, पुढे, मागे, पुन्हा पुढे. पहिलं कडवं संपत आलं. मी मागून हात घातला आणि तिला पान काढून दिलं. तिने वळून बघितलं नाही. पुस्तक तसंच हातात धरून ती रडायला लागली, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता, भर चर्चमध्ये. तिला गप्प कर म्हणायला कुणी पुढे आलं नाही.

दुसरं कडवं सुरू झालं आणि मी गायला लागले. सगळ्यांच्या माना पुस्तकात होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी गाताना माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. मी शेवटचं कडवंही म्हटलं.