शेपटीवाला गोल

तिने वीतभर लांबीचा मालगाडीचा डबा भिंगाखाली धरला, कोपऱ्यावरची पांढरी खूण निरखली आणि चौथ्यांदा पुसून टाकली. छे! तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवणारी ही बाई केसाएवढी रेघ डोळे मिटून ओढेल. आणि आज तिला ब्रशने खडूसारखा एवढासा गोल जमेना. उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली.

खूण वडिलांची होती. मालगाडी सुटण्याआधी ते यार्डात चाकाचाकावर हातोडी मारून आवाज ऐकत आणि तपासलेल्या डब्यावर खडूने शेपटीवाला गोल काढत. याच क्रमांकाच्या डब्याच्या चाकांचा आस वाटेत मोडला, दोन माणसं गेली, आणि डबा न तपासल्याचा ठपका ठेवून वडिलांना घरी बसवलं. तपासला होता, वरच्यांनी त्यांचा बळीचा बकरा केला, असं घरात सगळे ठासून सांगत. म्हणून तर उद्याच्या प्रदर्शनासाठी तिने नेमका हाच डबा बनवला होता. बघू दे एकदा सगळ्यांना!

आणि परवा हौसेने छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या चिटणीसांनी मोठ्या कौतुकाने एक जुना फोटो आणून दिला. हाच डबा, त्याच दिवशी, यार्डातून बाहेर पडताना. क्रमांक स्पष्ट, कोपरा स्वच्छ. खूण नव्हतीच. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

फोटो खणात कोंबून तिने पुन्हा ब्रश उचलला. या वेळी गोल जमला. तेवढ्यात आई आत आली.

"झाला का गं तुझा डबा?"

"झाला. ही बघ, बाबांची खूण."

आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"ही नव्हती."

"तुला काय माहीत?"

"मीच निरोप धाडला होता त्यांना. चार वर्षांची होतीस, तापाने फणफणली होतीस. आकडी आली. हातोडी टाकून धावत आले बिचारे. शेवटचे दोन डबे राहिले."

"मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"मेलेल्या माणसांत लेकराला ओढायचं नाही, म्हणाले. तपासला होता म्हणून मीच सांगत सुटले. ते कधीच तसं म्हणाले नाहीत."



रंग अजून ओला होता. आईने अंगठा पुढे केला.

"न तपासलेल्या डब्याला त्यांनी कधी खडू लावला नाही," आई म्हणाली, आणि त्याच अंगठ्याने तिने तो गोल पुसून टाकला.