धुक्यातल्या दोघी विहिणी

एकतीस वर्षं लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढलेल्या बाईला निवृत्तीनंतर खऱ्या उजेडाचा नाद लागला. लेकीचं घर जंगलाला लागूनच. तिथं राहायला आल्यापासून रोज पहाटे ती कॅमेरा घेऊन पायवाटेवर जायची. पहिल्या दिवशी धुकं होतं, ऊन नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, धुकं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही होतं, पण बॅटरी घरी चार्जरला!

चौथ्या दिवशी ती बूट चढवत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, “मीही येते हो.”

विहीणबाई. जावयाची आई. शिवणकाम करायच्या, मशीन थांबलं तरी जिभेला थांबा नाही. पाच वर्षांत दोघींचं नातं ‘बसा ना’, ‘घ्या ना’च्या पुढे सरकलं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार?

“शेवाळ बघा, अस्सल मखमल! ह्या खोडाला किती मीटर लागलं असेल?”

“जरा हळू. धुकं जागं होईल.”

विहीणबाईंनी मान डोलावली, आणि मग तेवढंच सगळं कुजबुजत बोलल्या.

वळणावर पोचल्या आणि झाडांमागून सूर्य वर आला. धुक्यातून उन्हाच्या तिरिपी थेट वाटेवर उतरल्या. हिने पटापट आठ-दहा फोटो काढले. पण वाट ओकीबोकी दिसत होती.

“तुम्ही उभ्या राहता का तिथं?”

“ह्या स्वेटरवर? कोपराला ठिगळ आहे.”

“ऊन पाठीमागून आहे, नाही दिसणार.”

विहीणबाई ओळखपत्राच्या फोटोसारख्या ताठ उभ्या राहिल्या. हिच्या तोंडून सवयीनं निघालं, “हलू नका. श्वास घ्या... रोखून धरा!”

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. नेमकं ऊन ढगाआड गेलं. ही कॅमेऱ्याला डोळा लावून वाट बघत राहिली. तिकडे गाल फुगले, डोळे मोठे झाले आणि शेवटी फुस्सकन हसू फुटलं. तोंडातून वाफेचा ढग निघाला, त्याच क्षणी ऊन परतलं, आणि तो श्वास सोन्यासारखा उजळला. खटक!

“अहो, ‘सोडा’ म्हणायचं राहिलं तुमचं! मेले असते तर माझ्या मुलाला काय सांगितलं असतंत?”

“फोटो छान आला म्हणून.”

मग दोघी झाडाला धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

फोटो बघताना विहीणबाई म्हणाल्या, “हसतानाचा माझा एकही फोटो नाही. लग्नात फोटोग्राफर म्हणाला, तोंड मिटा.” त्यांनी हात पुढे केला. “आणा इकडे. आता तुम्ही उभ्या राहा.”

“मी नसते कधी फोटोत.”

“म्हणून तर!”

त्या फोटोत कोपऱ्यात बोट आलं, वाट तिरकी झाली, आणि हिचं डोकं भुवयांपाशीच संपलं. हिने तो जपून ठेवला.

धुकं विरेपर्यंत दोघी वाट चढत राहिल्या. नऊ वाजता चिखलाच्या बुटांनी परतल्या, तेव्हा लेक दारातच उभी होती. “कुठे होतात दोघी? चहाचं पार पाणी झालं!”

दोघी एकदमच सांगायला लागल्या. लेकीला एक अक्षर कळलं नाही.