सगळ्यात कमी बोलणारीचे प्रश्न

देऊळघाटच्या इंद्रभान आबांची नात सारिका वर्गात बोलली, असं कोणी शपथेवर सांगितलं असतं, तरी बुलढाण्याच्या त्या पॉलिटेक्निकमध्ये कोणाचा विश्वास बसला नसता. पोरगी हुशार. मशीनचं चित्र असं काढायची की शिकवणारे सर खडू खाली ठेवून पाहायला यायचे. पण तोंडात कायमची मिठाची गुळणी. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची तेही शेजारच्या पायललाच ऐकू जायचं.

आणि नेमकं तिच्यावरच येऊन पडलं की हो!

झालं असं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. सारिका, पायल आणि कुलदीप अशा तिघांचा गट. कल्पना सारिकाची होती: कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या उपटायचं छोटं यंत्र, एकट्या बाईला ढकलता येईल असं. ही कल्पना काही तिला पुस्तकात सापडली नव्हती. दर वर्षी संक्रांतीनंतर तिची आई रुख्मिणी वाकून वाकून पऱ्हाट्या उपटायची आणि मग महिनाभर तिला हाताची मूठ वळायची नाही. ताट धरतानासुद्धा दोन्ही तळहातांवर धरायची. हे सारिका लहानपणापासून पाहत आली होती.

असं यंत्र करायचं तर मार्गदर्शक एकच, इंगळे सर. धम्मरत्न इंगळे. उभा जन्म खामगावच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रांशी झटापट करण्यात गेलेला. आता निवृत्त झाले तरी दर शनिवारी बोथ्याचा घाट चढून कॉलेजात यायचे. वर्कशॉपची किल्ली त्यांच्याकडे. वर्षाला एकच गट घ्यायचे आणि मागची दोन वर्षं तर एकही घेतला नव्हता. त्यांची रीतही जगावेगळी. म्हणायचे, "मी मुलाखत घेत नाही, देतो. प्रश्न तुम्ही विचारा. प्रश्नावरून माणूस कळतो. आणि विचारायचं गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्यानं. बडबड्यांचं ऐकून ऐकून माझे कान किटले."

कुलदीपचं तोंड एवढंसं झालं. बिचाऱ्यानं चांगली दोन पानं प्रश्न काढले होते. "सारिके, तू गेली का गेला प्रोजेक्ट," तो म्हणाला. "सरांनी नाई म्हटलं तं आपल्याले तो वेबसाइटवाला प्रोजेक्ट घ्या लागते. सगळे घेऊन राह्यले तो."

सारिका घरी आली ती पडक्या चेहऱ्यानं. आबांनी विचारलं, काय झालं वं? तिनं सांगितलं. आणि आबा, काय सांगावं, खुदकन हसले ना!

आता हे आबा कोण, ते सांगायला हवं. इंद्रभान आबा म्हणजे पंचक्रोशीतले सोयरिकी जमवणारे. कोणाच्या पोरीसाठी पोरगा पाहायचा असला की पहिलं बोलावणं आबांना. त्यांनी जमवलेली सोयरीक मोडत नाही, अशी ख्याती. ते म्हणाले, "बाप्पा, एवढंच ना? नव्या माणसाले इचारून पारखाचं. हे तं माह्यं रोजचं काम हाये. बस इथं."

आणि ओट्यावर सुरू झाली मुलाखतीची तयारी. आबांनी ठेवणीतला कोट चढवला, पाय हलवत खाटेवर बसले, म्हणाले, "मी आता तुहा सर. इचार."

सारिकानं कुलदीपचा पहिला प्रश्न वाचला. "सर, आपल्या यशाचं रहस्य काय?"

"थू!" आबा म्हणाले. "असं कोनी इचारते काय? चांगलं-चांगलं तं समोरचा सोताच सांगते. सोयरिकीत पहिले पानी घ्याचं, मंग चहा घ्याचा, पिकापान्याचं बोलाचं. चहा संपला का मंग हळूच इचाराचं, आधी कुठं जमून मोडलं काय? मोडलं असन तं काऊन मोडलं? दोष कोनाचा? एवढ्या एका गोष्टीत सारं घर समजते."

"अन् त्यानं सांगितलंच नाई तं?"

"तं गप बसाचं. इचारलं का आपन बोलाचंच नाई. समोरच्याले चुप बसनं सहन होत नाई, तोच बोलते. लोकायले हे जमत नाई, पन तुले तं जन्मापासून जमते!"

रुख्मिणी भाकरी थापता थापता आतून हसली. शेजारची शालूबाई भिंतीवरून डोकावली, मग तीही येऊन बसली, मग तिच्या दोन सुना. आबांना चेव चढला. कधी ते रागीट सर व्हायचे, कधी बहिरे सर, कधी झोप लागलेले सर. सारिका विचारत राहिली, हसत राहिली, आणि बोलता बोलता तिचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जायला लागला, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी वर्कशॉपमध्ये इंगळे सर स्टुलावर बसले. समोर तिघं. सारिकानं आधी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग चहा मागवला. सरांनी भुवया वर केल्या, पण चहा घेतला. तिनं खामगावच्या बाजूला कापूस कसा आहे ते विचारलं, सरांनी सांगितलं. कुलदीप टेबलाखालून पाय मारून राहिला होता, की बाई, मुद्द्यावर ये.

सरांचा कप रिकामा झाला. आता तिनं घरून घोकून आणलेलं शुद्ध वाक्य बोलायचं होतं, 'सर, यापूर्वी आपला एखादा प्रोजेक्ट अयशस्वी झाला आहे का?' पण ओट्यावर इतक्यांदा घोकलेलं ते दुसरंच. तोंडातून तेच निघालं, तेही चांगलं खणखणीत:

"मंग, आधी कुठं जमून मोडलं काय? दोष कोनाचा व्हता?"

पायलनं कपाळावर हात मारून घेतला. कुलदीपचा चेहरा पांढराफटक. दारात उभी असलेली दुसऱ्या गटाची पोरं फिदीफिदी हसायला लागली. सारिकाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण पोटात जावं. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. ती नुसती बसून राहिली. सरांकडे पाहत.

आणि सरांना ते गप्प बसणं खरंच सहन झालं नाही.

"मोडलं," ते म्हणाले. "तीन वर्षांआधी. पोट्टे चांगले होते, पण सगळ्यालेच हो म्हणत. मी म्हटलं चाक मोठं घ्या, हो सर. दुसऱ्या शनिवारी म्हटलं लहान घ्या, हो सर. मशीन तयार झालं, अन् जागचं हललं नाही. मग मला समजलं, मी चुकत होतो हे त्यातल्या एकाला तरी दिसत असणारच. बोललं कोणीच नाही. तेव्हापासून मन उडालं." मग त्यांनी विचारलं, "ही सोयरिकीची पुसतपास कोणी शिकवली?"

"आबांनी," सारिका पुटपुटली.

सर असे हसले की स्टूल कुरकुरलं. "मंग सोयरीक कॉलेजात ठरत नसते बाई. घर पाहा लागते, वावर पाहा लागते. उद्या रविवार आहे, येतो. होकार-नकार तिथंच सांगीन."

रविवारी सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि अंगणात सडा घातला गेला. बस्स! आळीत बातमी फुटली की सारिकाला पाहायला पाहुणे येऊन राहिले. शालूबाई तर नवं लुगडं नेसून आली आणि इंगळे सर एसटीतून उतरून अंगणात येतात न येतात, तोच त्यांच्या पाठीमागे डोकावून म्हणाली, "पोरगा कुठं हाये हो?"

"पोरगा नाही, ताई. मीच आलोय, मलाच पाहून घ्या," सर म्हणाले. शालूबाईनं पदर तोंडात कोंबला. सगळं अंगण हसलं, आणि पोहे खाऊन सर, सकाळीच येऊन बसलेले पायल-कुलदीप आणि शालूबाईसकट घरची मंडळी वावरात निघाली.

वावरात पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या, मधून मधून तुरीच्या ओळी. सरांनी बाह्या सारल्या आणि एक पऱ्हाटी दोन्ही हातांनी धरून ओढली. हलली नाही. अजून जोर लावला, तशी ती एकदम निघाली आणि सर मागच्या मागे मातीत बसले. कुलदीप धावला. सर मात्र तसेच बसून आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. एकाच पऱ्हाटीनं तो लाल झाला होता. त्यांनी मान वर करून रुख्मिणीच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते पदराखाली घेतले.

मग सरांना स्फुरण चढलं. काडी घेऊन मातीत त्यांनी यंत्रच काढलं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, एका फेरीत दोन ओळी उपटणारं, मागे गठ्ठा बांधणारं. डोळे चमकत होते त्यांचे. "हे असं करू! जिल्ह्यात कोणाचं नसेल."

"एक नंबर, सर," कुलदीप म्हणाला. "खूपच भारी, सर," पायल म्हणाली. सगळ्यांना कळलं की आता होकार हाताशी आला. फक्त मान हलवायची.

सारिका मातीतल्या चित्राकडे पाहत होती. चित्र सुंदर होतं. असं यंत्र केलं तर बक्षीसही मिळालं असतं. पण त्या चित्रात आई कुठं उभी राहणार, ते तिला दिसेना. नाही म्हटलं तर माणूस तडक एसटीत बसून जाईल, हे तिला कळत होतं.

"नाई, सर," ती म्हणाली.

सर वळले. "काय नाही?"

"हे चुकलं तुमचं. इथं मधात तूर हाये, ट्रॅक्टर घातला तं तूर जाते. अन् ट्रॅक्टर आला का त्याच्यावर माणूस बसते. माही माय मंग गठ्ठेच उचलत राहीन. मले ट्रॅक्टरवाल्यासाठी नाई कराचं यंत्र. माह्या मायसाठी कराचं हाये. तिच्या उंचीचं."

सरांच्या कपाळावर आठी चढली. खरंच राग आला होता त्यांना. इतक्या वर्षांच्या माणसाला 'चुकलं तुमचं' असं पोरीनं वावरात उभं राहून सांगायचं म्हणजे काय! आबांनी टोपी काढून हातात धरली. सारिकानं मात्र नजर खाली घातली नाही.

सरांनी चित्राकडे पाहिलं. पुन्हा तुरीच्या ओळीकडे पाहिलं. मग पायानं ते चित्र पुसून टाकलं, सगळंच्या सगळं.

"तुझ्या आईची उंची किती?" त्यांनी विचारलं.

"मोजतो, सर!" कुलदीप ओरडला आणि आबांची काठी घेऊन धावला. पायल तर नाचायलाच लागली. आबांनी टोपी हवेत उडवली, ती जाऊन तुरीत पडली. शालूबाईला नेमकं काय ठरलं ते कळलं नव्हतं, तरी तिनं पिशवीतली साखर काढून दिसेल त्याच्या तोंडात कोंबायला सुरुवात केली.

सर रुख्मिणीपाशी गेले. "ताई, खोटं सांगत नाही. या साली यंत्र होणार नाही. पुढच्या साली होईल, तेही झालं तर. यंदा तुम्हाला हातानंच उपटाव्या लागतील."

"उपटीन ना, दादा," रुख्मिणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती. "आजपावतो माह्यासाठी मोठ्या माणसाले कोनी नाई म्हटलं नव्हतं. आज माह्या पोरीनं म्हटलं."

एवढं बोलून तिनं पदराखालचे हात बाहेर काढले आणि उंची मोजून घ्यायला कुलदीपच्या काठीपाशी ताठ उभी राहिली.