चार बोटांचा चमत्कार

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर उंच आसनावर अस्थिबाबा बसले होते. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. मुलगा पुढं कोणता धंदा करणार हे आईबापांना बिचाऱ्यांना कुठून कळणार!

"नको तिथं उगवलेलं हाड मी लोण्यासारखं वितळवतो!" बाबा गरजले. "शंका घेणाऱ्याचं मात्र दुप्पट वाढतं!"

सोय झकास होती. गुण आला तर बाबांचा, नाही आला तर तुमच्या शंकेचा दोष.

गर्दीतून एक सुतार काठी टेकत पुढं गेला. दहा महिन्यांपूर्वी त्याचा खुब्याचा सांधा बदलला होता. जुनं दुखणं गेलं, पण सांध्याभोवतीच्या स्नायूंत नवंच हाड धरलं आणि पाय वाकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काही जणांना होतं असं. ते हाड पुरतं पक्कं झालं की काढू. तोवर जोरानं रगडून घेऊ नका." पुढच्या महिन्यातली तारीखही दिली होती. पण पुन्हा कापाकापी त्याला नको होती, म्हणून तो इथं आला होता.

बाबांनी त्याला लाल कापड घातलेल्या स्टुलावर बसायला सांगितलं. तो अर्ध्यावरच कळवळून थांबला. शिष्यानं स्टूल 'शुद्धीसाठी' पडद्यामागं नेलं. बाबांनी मांडी खसाखसा रगडली. "हाडा, वितळ! हाडा, वाट सोड!"

स्टूल परत आलं. सुतार त्यावर बसला, अगदी अलगद बसला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर बसलेली त्याची बायको हसता हसता रडायला लागली. त्यालाही भरून आलं. तोल सावरायला त्यानं बैठकीखाली बोटं घातली आणि ती तिथंच थबकली.

खालची कड गोल घासलेली होती. कुणी बघत नाही म्हणून ती कुणी घासत नाही. उचलताना हाताला कुसळ लागू नये म्हणून हाच एक घासायचा. त्याला लख्ख आठवलं. दीड वर्षापूर्वी फोनवर ऑर्डर आली होती: दिसायला सारखी दोन स्टुलं, पण एक गिऱ्हाइकाच्या आईसाठी म्हणून चार बोटं उंच आणि पुढं उतरतं. टेम्पोवाला येऊन घेऊन गेला होता.

गप्प बसावं असं त्याला फार वाटलं. किती दिवसांनी बायको हसत होती! पण मागं कुबड्या घेतलेली माणसं आशेनं त्याच्याकडं बघत होती.

तो उठून पडद्याकडं निघाला.

"अहो, तिकडं जायचं नाही!" शिष्य ओरडला.

त्यानं दुसरं स्टूल ओढत आणलं, दोन्हींवरची कापडं काढली आणि खिशातली टेप लावली.

"दोन्ही मीच केलीत. हे चौदा इंच, हे सतरा. उंच, उतरत्या बैठकीवर खुबा फारसा वाकवावाच लागत नाही. म्हणून बसता आलं."

"शंका घेतलीस! आता दुप्पट वाढेल!" बाबा किंचाळले.

"आधी वितळलंय का ते तर बघू."

तो चौदा इंची स्टुलावर बसायला गेला. अर्ध्यावर अडकला. कपाळावर घाम आला.

"म्हणजे हाड तिथंच आहे?" बायकोनं विचारलं.

"तिथंच आहे गं." त्याला तिच्याकडं बघवेना. तो लोकांकडं वळला. "ज्यांना गुण आलाय, त्यांनी घरी जाऊन रोजच्या खुर्चीवर बसून बघा. जमलं नाही, तर डॉक्टर गाठा."

काही जण उठले. बरेचसे त्याच्यावरच चिडले.

बायकोनं काठी आणून दिली. "मी सकाळीच दवाखान्यात फोन केला होता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "शंका नको म्हणून तारीख रद्द केली."

तो काठी टेकत दाराकडं वळला. मग म्हणाला, "चल. सहापर्यंत उघडा असतो दवाखाना."

नवी तारीख कधीची मिळेल, कोण जाणे. तोवर घरी तसंच एक उंच स्टूल करायचं त्यानं ठरवलं. दुखणाऱ्या माणसाला ते खरंच सोयीचं असतं, आणि त्यासाठी बाबा लागत नाही, सुतार पुरतो.