सोळा अक्षरांत मावणारं नाव

शांतीबाईला कोणी विचारलं, लेकरं किती, तर ती जराशी थांबायची आणि मग म्हणायची, "येकच. रेणू." ते थांबणं इतकं लहान होतं की चौतीस वर्षांत चोरखमारा धरणाच्या कालव्याकाठच्या त्या गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. रेणूच्याही नाही, आणि ती तर गोंदियाच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती.

या रेणूने एक लघुग्रह शोधला होता. शोधला म्हणजे काही दुर्बिणीला डोळा लावून नव्हे. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीने काढलेले आकाशाचे फोटो तिच्या लॅपटॉपवर यायचे. चार फोटो एकामागोमाग फिरवले की हजार ताऱ्यांत एखादाच ठिपका जागा बदलताना दिसायचा. तो सापडून सात वर्षं झाली होती आणि आता नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचं पत्र आलं होतं: कक्षा पक्की झाली, क्रमांक मिळाला, नाव सुचवा.

नावाचेही नियम होते. सोळा अक्षरांत मावावं, शक्यतो एकच शब्द असावा, दुसऱ्या कुठल्या लघुग्रहाला दिलेलं नसावं. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही. पुढाऱ्याचं द्यायचं तर तो मरून शंभर वर्षं व्हायला हवीत. हा एक नियम आपल्याकडच्या चौकांना लावला तर किती चौक मोकळे होतील, असं रेणूला वाटून गेलं. तिने कुणाला न विचारता अर्जात आईचं नाव लिहिलं आणि रविवारच्या बसने गाव गाठलं.

शांतीबाई अंगणात तांदूळ निवडत होती. रेणूने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवून ठिपका सरकताना दाखवला.

"हा पाय, माय. याले तुह्यं नाव देऊन राहिली."

"मले विचारलं का तू?" शांतीबाईने सूप खाली ठेवलं. "माह्यं नाव घेनारे लय हायेत. राशनवाला घेते. तुहा बाप त वावरातूनच बोंबलते." मग ठिपक्याकडे बघत तिने विचारलं, "सात वर्सं बिननावाचा काऊन ठेवला याले?"

"सापडला का लगेच नाव नाही देत, माय. लय सापडतेत अन् हरवतेत, मंग दिसतच नाहीत. हा पुन्हा पुन्हा दिसला, याची वाट समजली. आता नाही हरवत, असं ठरलं तवा नाव."

"म्हंजे तिथं बी बाराव्या दिसाची वाट पाह्यतेत."

रेणू हसली. आई हसली नाही, आणि मग तिने ते सांगितलं.

छत्तीस वर्षांपूर्वी, रेणूच्या दोन वर्षं आधी, एक मुलगी झाली होती. मार्गशीर्षात, कुडाजवळची शेवंती फुलली होती तेव्हा. बारशाचे निरोप गेले होते, घुगऱ्यांसाठी चणे आणून ठेवले होते, आणि नवव्या दिवशी पोर गेली. बारशाआधी नाव तोंडातून काढलं तर लेकराला नजर लागते, म्हणून शांतीबाईने मनात धरलेलं नाव नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नंतर सांगून काय करायचं होतं? गावच्या तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, तिला पुरलं.

"बिननावाचीच गेली. रडाले बी नाव नोतं," शांतीबाई म्हणाली. "कोनाले हाक मारून रडू?"

तळ्यावरून येताना आई त्या मोहाखाली थांबायची हे रेणूने लहानपणापासून पाहिलं होतं. तिला वाटायचं, माय दमली असेल. आता तिला स्वतःची फार लाज वाटली. तिने अर्जातलं 'शांतीबाई' पुसून टाकलं.

"सांग नाव."

"असं कसं सांगू? नाव आत्यानं ठेवा लागते. अन् चने भिजवा लागतेत."

"माय, उद्या माह्यं कॉलेज हाय."

"सुट्टी टाक."

रेणूने सुट्टी टाकली. सोमवारी सकाळी घरात घुगऱ्यांचा वास सुटला. दोन घरं पलीकडे राहणारी सुमित्राबाई, रेणूच्या वडिलांची थोरली बहीण, काठी टेकत आली. कशासाठी यायचं ते तिला रात्रीच कळलं होतं. शांतीबाईने सुपात गोधडीची घडी घातली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. एरवी रेणू किंचाळली असती. आज तिने पडदा नीट उभा केला.

शांतीबाई नणंदेच्या कानाशी काहीतरी बोलली. सुमित्राबाई सुपावर वाकली आणि अडली.

"याचा कान कोनत्या बाजूनं हाय व?"

"डावीकडं, आत्याबाई," रेणू म्हणाली. तिला तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं.

"सेवंता," सुमित्राबाई डाव्या बाजूला म्हणाली.

आता रेणूचं काम होतं. आधी दिलेल्या नावांची यादी उघडायची होती, आणि गावात रेंज म्हणजे आली तर आली. पडद्यावर चाक फिरत राहिलं.

"कोनाले देऊन टाकलं असन त?" शांतीबाईने विचारलं.

शेवटी यादी उघडली. रेणूने नाव दोनदा टाकून पाहिलं, मग तिसऱ्यांदा.

"नाही, माय. कोनाचंच नाही."

शांतीबाईने पदर तोंडाशी न्यायला उचलला, पण तो तिथवर पोचला नाही. "सेवंता," ती म्हणाली. "सेवंता व माह्ये लेकी." मग ती नाव घेऊन मोठ्याने रडली. सुमित्राबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला कोणी थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसून विचारलं, "ते फिरते म्हनतेस, त येक फेरा किती दिसाचा?"

"चार वर्साचा."

शांतीबाईने बोटांची पेरं मोजली. "म्हंजे नऊ फेरे झाले तिचे."

नावामागचं कारण दोन ओळींत लिहायचं होतं. रेणूने लिहिलं: सेवंता, शोधकर्तीची थोरली बहीण. नऊ दिवस जगली. समितीला नाव मान्य करायला काही महिने लागतील, हे तिने आईला सांगून ठेवलं. शांतीबाईने मान हलवली. वाट बघणं तिला नवं नव्हतं. तिने घुगऱ्यांचं भांडं उचललं आणि दारोदार वाटायला निघाली.

शेजारची राखी नवी सून होती. तिने ओंजळ पुढे केली आणि विचारलं, "कोनाचं बारसं, काकू?"

मागे दारात उभ्या असलेल्या रेणूने कान दिला. आई या वेळी थांबली नाही.

"माह्या मोठीचं," शांतीबाई म्हणाली आणि तिच्या ओंजळीत आणखी एक मूठ घातली.