आभाराचं एक वाक्य

आईला भरवून, शेजारणीला तिच्यापाशी बसवून थोरली विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची धरून बसली. तिथली पुस्तकं, जुनी कागदपत्रं धुंडाळून पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या सर्वांत चांगल्या संशोधनाला दरवर्षी बक्षीस असे. यंदा ते धाकटीला मिळालं होतं, आणि आज त्याचा समारंभ होता. नदीवर पूल झाल्यावर नावाड्यांचं काय झालं, हा तिच्या निबंधाचा विषय.

विषय मुळात थोरलीचा. जुन्या वर्तमानपत्रांच्या जाडजूड फायली उपसत, शिंकून शिंकून बेजार होत तिनं वर्ष घालवलं होतं. मग आईचं एक अंग लुळं पडलं. घरी कुणीतरी राहायला हवं होतं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे थोरली, हे न बोलताच ठरून गेलं. कॉलेज सुटलं. पुढं धाकटीला विषय सुचेना, तेव्हा थोरलीनंच टिपणांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. "घे, माझ्याकडे नुसता पडून आहे."

धाकटी काही आयत्या बिळावर नागोबा नव्हती. तिनं नकाशे हुडकले, निबंध पुरा केला.

ग्रंथपालबाईंनी त्यातला उतारा वाचायला घेतला. "'उद्घाटनाच्या बातमीत पाहुण्यांच्या टोप्यांचे रंगसुद्धा दिले आहेत. नावाडी मात्र एकही नाही.'"

थोरलीनं मान वर केली. वाक्य तिचं होतं, शब्दन् शब्द.

टाळ्या थांबल्यावर धाकटी बोलायला उभी राहिली. "माझ्या ताईचे आभार. तिनं घर सांभाळलं, म्हणून मला अभ्यास करता आला."

लोक कौतुकानं मागं वळून बघू लागले. थोरली हसली. ते हसू तिनं चेहऱ्यावर कसंबसं धरून ठेवलं.

चहाच्या वेळी ग्रंथपालबाईंनी तिला गाठलं. "अगं, तूच ना ती फायलींवाली? एकदम दिसेनाशीच झालीस! म्हटलं, कंटाळली पोरगी."

शब्द ओठांवर आले होते. पण बाईंच्या मागं धाकटी पांढरीफटक पडून उभी होती.

"नाही हो बाई. घरी जरा अडचण होती," थोरली म्हणाली.

घरी परतताना रस्त्यात धाकटीनंच विषय काढला.

"ताई, रागावलीस? नाव घेतलं की मी तुझं."

"घेतलंस. घर सांभाळणारी म्हणून."

"या बक्षिसाला कॉलेजात नसलेल्याचं काम चालत नाही गं. वाटलं, बक्षीसच काढून घेतील."

"मग मला विचारायचंस. मी म्हटलंच असतं, राहू दे. पण विचारायचंस तरी."

धाकटीला रडू फुटलं. एरवी थोरलीनं तिला पोटाशी धरलं असतं. आज हातच उचलेना.

घरी पोचल्यावर शेजारीण उठून गेली. आईची कूस बदलायला दोघी लागत. एकीनं खांदे धरले, दुसरीनं कंबर.

"मिळालं?" आईनं वाकड्या झालेल्या तोंडानं विचारलं.

"मिळालं," धाकटी म्हणाली. "आई, ते खरं तर..."

"आधी उशी सरकव," थोरली म्हणाली. "तिची मान अवघडलीय."

धाकटीनं उशी सरकवली. आईनं डोळे मिटले. पलंगाच्या दोन बाजूंना दोघी बहिणी तशाच उभ्या राहिल्या.