माह्यंच चुकलं

दिवे लागायच्या वेळेला बाबा रोज ते लुगडं मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्यानं चाचपत त्यातली चूक शोधायचे. करवती काठाचं लुगडं, त्यांच्या हातचं शेवटचं. "आता राहू द्या, शालिकराम," म्हणत दुकानदारानं ते परत केलं, तेव्हापासून आमचा हातमाग बंद. दोन महिने झाले. चूक सापडत नव्हती आणि बाबा कोणाशीच बोलत नव्हते. आई मला हळूच म्हणाली, "असंच चाललं तर माणूस खुळा होईन वं."

अशात महादेवराव सरांनी आमच्या नववी ब ला निबंध दिला: 'आपल्या भागातला धंदा का बसला?' मी वही घेऊन गल्लीभर फिरले. मी! जिला हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा घाम फुटायचा!

रंगारी भैयाजी इकडेतिकडे बघत कुजबुजले, "कोणाले सांगू नको, पोरी. माहा रंगच फिका पडून राहिला होता."

ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावणाऱ्या गोदूबाईंनी पदर तोंडाशी नेला. "माही खळ पातळ झाली असन."

धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी अनुसयाकाकू तर रडलीच. तिच्या मते तिच्या कांड्या सैल.

आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच: माह्यंच चुकलं.

घरी लिहायला बसले, तर प्रत्येक परिच्छेद त्याच वाक्यावर येऊन अडायचा. शेवटी वैतागून मी परिच्छेद मोडले आणि ओळी केल्या. ते वाक्य एकाखाली एक उभं राहिलं आणि त्याखाली मी एक प्रश्न लिहिला.

वर्गात सरांनी ती कविता मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "सूत महागलं, पावरलूमचं स्वस्त लुगडं आलं, हे मी फळ्यावर लिहून लिहून थकलो. तुम्हाला ते आज समजलं."

मी पळतच घरी आले. बाबांच्या मांडीवर लुगडं होतंच.

"बाबा, ऐका न."

त्यांनी मान वर केली नाही. मी वाचायला लागले.

*रंगारी म्हणे, रंग फिका, माह्यंच चुकलं.*

"कोण म्हणे?" बाबांचा अंगठा थांबला. "भैयाजी? अवं, लुगडं फाटन, पण त्याचा रंग जायचा नाही!"

*खळवाली म्हणे, खळ पातळ, माह्यंच चुकलं.*

"गोदूबाईची खळ पातळ? काहीही! तिच्या खळीचा ताणा तुटत नाही कधी."

*कांडीवाली म्हणे, सूत सैल, माह्यंच चुकलं.*

"अनुसयाले येड लागलं काय?"

*विणकर म्हणे, हात गेला, माह्यंच चुकलं.*

बाबांचा अंगठा पुन्हा काठावर फिरायला लागला. चुलीपाशी आईचे हात थांबले. उरलेली ओळ मी वाचलीच:

*एका गल्लीतले इतके हात एकाच साली कसे चुकले?*

बाबा लुगड्याकडे बघत राहिले. मग एकदम हसले. आधी नाकातून, मग पोट धरून! दोन महिन्यांत पहिल्यांदा. डोळे पुसत त्यांनी लुगड्याची घडी घातली आणि आईपुढे धरली.

"नेस."

"आता? तव्यावर भाकर हाये माह्यी!"

"मग भाकर झाल्यावर नेस. लुगड्यात काही खोट नाही." ते चपला शोधायला लागले.

"कुठं निघाले?"

"भैयाजीकडे. येडा माणूस, दोन महिने झाले, कोणाशी बोलून नाही राहिला!"

आई आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबले.

दारातून बाबा परत फिरले.

"गोपिका, ते वही दे वं."